हृदय सांधले; पुढे काय?

नवी मुंबईच्या अभिमानस्थळांची यादी करावयास कोणी बसले, तर तो आज प्रथम विमानतळाचे नाव घेईल, नंतर अटल सेतूचे. आम्ही त्या यादीत खारघरच्या एका रुग्णालयाचे नाव बरेच वर लिहू. श्री सत्य साई संजीवनी या बालहृदय केंद्रात जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया केल्या जातात. पनवेल स्थानकावर उतरून, निळसर ओठांचे मूल कडेवर घेऊन खारघरचा पत्ता विचारणारे आईबाप या शहरास अपरिचित नाहीत. काही दिवसांनी तेच मूल हसतखेळत परत जाते. शहराच्या लौकिकास याहून मोठे भूषण कोणते असू शकेल?

परंतु गावी परतलेल्या त्या मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न आम्हांस आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बालके हृदयदोष घेऊन जन्मास येतात. त्यांपैकी सुमारे एकपंचमांश बालकांस पहिल्या वर्षातच उपचाराची निकड असते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. पूर्वी यांतील बहुतेक मुले दगावत, आणि प्रश्न तेथेच संपे. आता ती वाचतात, शाळेत जातात, वयात येतात. ‘एकदा शस्त्रक्रिया झाली की सारे मिटले’ ही समजूत मात्र आपल्या समाजात, आणि दुर्दैवाने आपल्या आरोग्यव्यवस्थेतही, अद्याप कायम आहे. ही समजूत जिवावर कशी बेतू शकते, हे समजण्यास एकच उदाहरण पुरेसे आहे.

आपल्या शरीरात रक्ताखेरीज आणखी एक प्रवाह अखंड वाहत असतो. त्याचे नाव लसीका. रक्तवाहिन्यांतून पाझरलेला द्रव आणि आतड्यांनी शोषलेली स्निग्ध द्रव्ये गोळा करून तो मानेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरेत, म्हणजे पुन्हा रक्तात, नेऊन सोडतो. दिवसाकाठी दोन-तीन लिटर द्रव या मार्गाने जातो. १६२२ साली गास्पारे आसेल्ली या इटालियन वैद्याने या दुधाळ वाहिन्या प्रथम पाहिल्या. तेव्हापासून चार शतके लोटली, तरी वैद्यकाने या प्रवाहाकडे रक्ताच्या मानाने फारच थोडे लक्ष दिले.

हा प्रवाह अडतो कसा, हे नवी मुंबईकरांस निराळे समजावून सांगावयास नको. सिडकोने बांधलेले धारण तलाव त्यांच्या नित्य पाहण्यातील आहेत. ओहोटी असली की शहराचे पाणी खाडीत जाते. भरती आली की झडपा मिटतात, आणि त्याच वेळी पाऊस कोसळला तर पाणी शहरातच तुंबू लागते. शिरेतील रक्ताचा दाब वाढला की लसीकेची गतही अशीच होते.

ज्या मुलांच्या हृदयाचा एकच कप्पा कार्यक्षम असतो, त्यांच्यासाठी फ्रान्समधील बोर्दोचे शल्यविशारद फ्रान्सिस फोंतां यांनी १९६८ साली एक शस्त्रक्रिया योजिली व १९७१ साली ती जगापुढे मांडली. तिच्यात शरीरातून परतणारे अशुद्ध रक्त हृदयास वगळून थेट फुप्फुसांकडे वळविले जाते. लक्षावधी जन्म ज्या दोषापुढे हरले होते, त्यावर ही योजना विलक्षणच म्हटली पाहिजे. परंतु तिची किंमतही आहे: शिरांतील दाब आयुष्यभर चढाच राहतो. लसीकेस भरतीच्या खाडीशी कायमचा सामना करावा लागतो. कित्येकांत शरीर हे सोसते. काहींत मात्र लसीका उलटी फिरून फुप्फुसांत शिरते, श्वासनलिकांत पाझरते आणि तेथे घट्ट होते. मग खोकल्यातून पांढरट, रबरासारखे, झाडाच्या फांदीप्रमाणे फाटे फुटलेले तुकडे बाहेर पडू लागतात. डॉक्टर यास ‘प्लॅस्टिक ब्राँकायटिस’ म्हणतात. असा मोठा तुकडा श्वासमार्गात अडकला तर रुग्ण गुदमरून दगावू शकतो. हृदयशस्त्रक्रियेनंतर काही बालकांत हीच लसीका फुप्फुसाभोवतीच्या पोकळीतही साचते. तेथून काढलेले पाणी दुधासारखे दिसते.

दुःखाची गोष्ट अशी की, हा विकार दम्याचे किंवा न्यूमोनियाचे सोंग सहज घेतो. आणि उपाय नाहीत असेही नाही. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील डॉ. योआव दोरी व डॉ. मॅक्सिम इटकिन यांच्या चमूने जांघेतील लसीकाग्रंथीत औषध सोडून, चुंबकीय प्रतिमेच्या साहाय्याने गळतीची नेमकी वाट शोधली आणि बारीक नळीतून ती बुजविली. २०१६ साली त्यांनी अशा १८ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी १७ जणांवर हा उपचार झाला. १५ जणांस लक्षणीय आराम पडला. हे काम नाजूक आहे, जोखमीचे आहे आणि ते जाणणारे हात थोडे आहेत. पण ज्याचे निदानच होत नाही, त्यास हा उपाय असून नसून सारखाच!

आता आपल्याकडील व्यवस्थेकडे पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघर येथे झाला. अंगणवाडीतून व शाळेतून हृदयदोषाची मुले हुडकण्याचे मोलाचे कार्य त्याने केले आहे. परंतु त्याची मर्यादा १८ वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी तो तरुण कोणाचा? बालहृदयतज्ज्ञ त्यास मोठा म्हणतात. मोठ्यांचे हृदयतज्ज्ञ मुख्यत्वे पन्नाशीतल्या हृदयविकाराशी परिचित असतात. मुलींची स्थिती तर अधिक बिकट. लग्न जमविताना छातीवरील व्रण झाकला जातो, शस्त्रक्रियेची कागदपत्रे ट्रंकेच्या तळाशी जातात, आणि सासरच्या गावातील डॉक्टर निव्वळ खोकल्याचे औषध देत राहतो. या लपवाछपवीचा दोष आम्ही आईबापांस देणार नाही. मुलीच्या प्रकृतीस वैगुण्य समजणाऱ्या समाजास देऊ.

पहिलीच शस्त्रक्रिया ज्यांच्या नशिबी नाही अशी मुले असंख्य असताना, मूठभरांच्या दुर्मिळ विकाराची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप वरवर सयुक्तिक आहे. परंतु २०१८ सालच्या एका अंदाजानुसार फोंतां शस्त्रक्रिया झालेले पन्नास ते सत्तर हजार लोक जगात होते आणि त्यांतील सुमारे ४० टक्के प्रौढ होते. आपली केंद्रे जसजशी यशस्वी होतील, तसतशी आपल्याकडेही ही संख्या वाढत जाणार. शिवाय पुढील देखरेखीविना मोलाची शस्त्रक्रिया करणे, म्हणजे धरण बांधून कालव्यांकडे पाठ फिरविणेच होय.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, अशा प्रत्येक रुग्णास घरी जाताना सुबोध मराठीत एक पुस्तिका मिळावी. तीत दोषाचे नाव, शस्त्रक्रियेचे नाव व तारीख, प्राणवायूचे त्याचे नेहमीचे प्रमाण आणि कोणत्या लक्षणांवर तातडीने परतावे हे लिहिलेले असावे. खोकल्यातून पडणाऱ्या तुकड्यांचा उल्लेख तीत अवश्य असावा. दुसरी, वाशीच्या महापालिका रुग्णालयात, आठवड्यातून एक दिवस का होईना, जन्मजात हृदयदोष असलेल्या प्रौढांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग असावा. तिसरी, लसीकेच्या तपासणीचे व उपचाराचे शिक्षण घेतलेला चमू राज्यातील एका तरी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उभा राहावा आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत या उपचारांचा स्पष्ट नामनिर्देश व्हावा.

यांपैकी पहिल्या मागणीस तर छापखान्याच्या बिलापलीकडे खर्चही नाही. तिचा आरंभ उद्या होऊ शकतो. ज्या शहराने परक्या गावच्या लेकरांस जीवदान दिले, त्याने त्यांच्या तारुण्याचीही चौकशी ठेवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.