फुगडी चालते, मग हे का नाही?

दिवाळीत माझा पुण्याचा भाचा चार दिवस राहायला आला, तो एक लांबुळकी पिशवी घेऊन. मला वाटलं क्रिकेटचं सामान असेल. आत निघाला स्केटबोर्ड! म्हणजे चार चाकं लावलेली एक फळी. वरून पॉलिश पेपरसारखी खरखरीत, म्हणजे पाय घसरू नये. ना हँडल, ना ब्रेक. वळायचं असेल तर आपलंच वजन त्या बाजूला टाकायचं, की फळी तिकडे वळते.

आमच्या गावातल्या रस्त्यांवर ही फळी दहा फूटसुद्धा जाणार नाही, खड्डे बघूनच ती थांबेल. म्हणून त्याने गच्ची गाठली. मी वाळत घातलेले कपडे काढायला गेले होते. म्हणाला, "मावशी, तू नुसती उभी राहून तर बघ." आता वय वर्षं सेहेचाळीस, अंगावर पंजाबी ड्रेस, खांद्यावर टॉवेल. पण म्हटलं, बघू या तरी. कठडा धरून उभी राहिले. मग कठडा सोडला. फळी थोडी सरकली आणि मैत्रिणींनो, पोटात जो गोळा आला ना, तो मी शेवटचा अनुभवला होता जत्रेतल्या पाळण्यात, बहुधा नववीत असताना.

अर्थात पुढच्या मिनिटाला मी पडले. कारण मजेशीर आहे. तोल सावरायचा म्हटल्यावर माझ्या अंगाला आठवली फुगडी. फुगडीत आपण मागे रेलतो, समोरचीने हात धरलेले असतात. इथे मागे रेललं की फळी पायाखालून पुढे पळते आणि हात धरायला कुणीच नाही! भाचा म्हणाला, "मागे नाही गं, गुडघे वाकव आणि वजन पुढच्या पायावर ठेव." शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवरून बघत होत्या. "अहो, हे काय वय आहे का? हाडं मोडायचीत!" सासूबाई मात्र जिन्यात उभ्या राहून हसत होत्या.

काकूंचं हाडांबद्दलचं म्हणणं खरं आहे, ते उडवून लावण्यासारखं नाही. पाळी थांबायच्या सुमारास बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात आणि या खेळात पडताना माणूस हात टेकतो, त्यामुळे मनगटावर पहिला घाव बसतो. हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे पॅड हवेतच. ज्यांना हाडांचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. पण "हे काय वय आहे का?" हा प्रश्न हाडांचा नाही. तो मनात अडकून राहिला.

कारण वयाचं म्हणाल तर गोष्टच वेगळी दिसते. स्केटबोर्डिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं ते टोकियोत, २०२१ मध्ये. तिथे मुलींच्या 'स्ट्रीट' प्रकारात पहिल्या दोघी तेरा-तेरा वर्षांच्या आणि तिसरी सोळाची. सगळ्यांना वाटलं, हा पोरांचाच खेळ. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चीनकडून अकरा वर्षांची झेंग हाओहाओ उतरली आणि त्याच मैदानात ब्रिटनकडून अँडी मॅकडोनाल्ड उतरला, वय ५१. दक्षिण आफ्रिकेचा डॅलस ओबरहोल्झर होता ४९ चा. मॅकडोनाल्ड अंतिम फेरीत पोचला नाही. पण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पदक मिळाल्यासारखाच होता.

तुम्ही म्हणाल, हे पुरुष आणि आयुष्यभर हेच करत आलेले. खरं आहे. मग कॅनडातल्या टोरांटोच्या ऊर्बी रॉयचं ऐका. भारतीय वंशाची, दोन मुलांची आई. नवरा आणि मुलं स्केटिंग करायची आणि ही कडेला बसून बघायची. त्याचा कंटाळा आला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ती फळीवर चढली. आता ती साडी नेसूनही स्केटबोर्ड चालवते आणि इंटरनेटवर 'आंटी स्केट्स' या नावाने ओळखली जाते. तिकडे बोलिव्हियात कोचाबांबा गावातल्या 'इमिया स्केट' गटाच्या मुली आपल्या आज्यांचे घेरदार पारंपरिक परकर घालून हा खेळ खेळतात. एकेकाळी हाच पोशाख घालणाऱ्या बायकांना हिणवलं जायचं.

आपल्याकडेही हे अगदीच परकं राहिलेलं नाही. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात २०१५ मध्ये एका जर्मन बाईने स्केटबोर्डसाठी मैदान बांधलं. नियम दोनच: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत या खेळाचं सुवर्णपदक मिळवलं. मुलींसाठी दार किलकिलं झालं हे चांगलंच. पण मला प्रश्न पडतो तो त्यांच्या आयांचा.

आपल्या गावातली संध्याकाळ आठवा. चाळिशी ओलांडलेले पुरुष टर्फवर लाईट लावून क्रिकेट खेळतात, कॅरमचे अड्डे रात्री अकरापर्यंत चालतात. त्यांना कुणी वय विचारत नाही. बायका खेळत नाहीत का? खेळतात की! मंगळागौरीला रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं, घोडा हाट. साठीच्या बायकासुद्धा बसफुगडी घालतात. आता तर मंगळागौरीचे खेळ करणारे बायकांचे गट गावोगावी सुपारी घेऊन जातात आणि त्यांचा दमसास बघून तरुण मुली तोंडात बोटं घालतात. म्हणजे अंगात जोर आहे, हौस आहे, लाजही वाटत नाही. फक्त निमित्त लागतं. देवाचं, सणाचं, नव्या सुनेचं, नाहीतर तब्येतीचं. 'शुगर वाढली म्हणून चालायला जाते' हे चालतं. 'मजा येते म्हणून' हे काही केल्या तोंडातून बाहेर पडत नाही.

आणि वेळ? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळेच्या पाहणीत आलं आहे की घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटं. मुलाबाळांचं, म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. आधीच्या, २०१९ च्या पाहणीत बायकांचा आकडा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली! पण पुरुषांचीही ९७ वरून ८८ वर उतरली आहेत, तेव्हा आपलं काम त्यांनी उचललं म्हणून ती सुटली असं समजायचं कारण नाही. मिक्सर, कुकर आणि वॉशिंग मशीनचे आभार मानू या. असो.

खेळाबरोबरच दुसरी एक गोष्ट भाच्याने माझ्या गळ्यात मारली, ती म्हणजे गाणी. फळीवर असताना त्याच्या फोनवर सतत काहीतरी वाजत असतं. मी म्हटलं, "जुनी लाव रे." तर म्हणाला, "तू किती वर्षं तीच ऐकतेस?" हिशेब केला. माझ्या आवडीची बहुतेक गाणी मी पंचविशीच्या आत ऐकलेली. शाळेत असताना विविध भारती, कॉलेजात कॅसेटी आणि मग लग्न. त्यानंतर दार बंद. मानसशास्त्रवाले सांगतात की दहा ते तिशीच्या दरम्यानच्या आठवणी माणसाला सर्वांत जास्त आणि ठळक राहतात. तेव्हाची गाणी जन्मभर पुरतात ती म्हणून. पण पुरतात म्हणून दुसरं काही घ्यायचंच नाही का? बरं, फोनवरची गाण्यांची ॲप तर काल ऐकलेल्या गाण्यांवरूनच आज काय वाजवायचं ते ठरवतात. आग्रह करकरून तीच भाजी वाढणाऱ्या यजमानिणीसारखी.

भाच्याने लावलं ते क्युबा देशातलं 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब'. एक अक्षर कळलं नाही. पण ताल असा की पोळ्या लाटताना लाटणं आपोआप त्यावर फिरायला लागलं. मग त्यामागची गोष्ट कळली. विस्मरणात गेलेल्या म्हाताऱ्या कलावंतांना १९९६ मध्ये हवानाच्या स्टुडिओत एकत्र आणून हे ध्वनिमुद्रण झालं. त्यातला गायक इब्राहिम फेरेर तेव्हा गाणं सोडून बसलेला, बुटांना पॉलिश करून पोट भरणारा. बोलावणं आलं आणि तो गेला. पुढे २००० साली त्याला लॅटिन ग्रॅमी मिळालं. कशासाठी माहीत आहे? 'सर्वोत्तम नवा कलाकार' म्हणून! वय ७३. मी हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बघ, मला अजून एक वर्ष आहे."

आमच्या बचत गटाची बैठक शुक्रवारी असते. हप्ते, व्याज, कुणाचं कर्ज थकलं, सह्या. भाचा गेल्यावरच्या पहिल्या बैठकीत मी सुचवलं की शेवटची वीस मिनिटं आपली. दर वेळी एकीने एक गाणं आणायचं, आपण आधी कधीच न ऐकलेलं. मुलाला विचारा, कॉलेजच्या पोरींना विचारा, कुठूनही आणा. आधी सगळ्या गप्प. मग एक म्हणाली, "ताई, यासाठी सासूला काय सांगू? बैठक लांबली म्हणून?" दुसरी म्हणाली, "सांग ना, हिशेब जुळत नव्हता." सगळ्या खो खो हसल्या. पहिल्या आठवड्यात आलं एक पंजाबी रॅप, जे कुणालाच आवडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात भाजीचा गाडा चालवणाऱ्या आमच्या मैत्रिणीने नातवाच्या फोनवरून तमिळ गाणं आणलं. ते तीनदा लावावं लागलं.

भाचा आता मेच्या सुट्टीत येणार आहे. येताना माझ्या मापाचे पॅड आणतो म्हणाला. हेल्मेट मी गेल्या बाजारालाच घेतलं. ह्यांनी विचारलं, "हे कशाला?"

म्हटलं, "स्कूटीसाठी."