गणवेश एक, कायदे अनेक

अमेरिकेतील नॅशनल गार्डचा जवान साधारणतः महिन्यातून एकदा शनिवार-रविवारी कवायतीस हजर होतो; एरवी तो शिक्षक, कारकून, शेतकरी किंवा विद्यार्थी असतो. पूर आला, वणवा पेटला की राज्याचा गव्हर्नर त्याला पाचारण करतो; युद्धप्रसंगी त्यालाच राष्ट्राध्यक्ष परदेशी धाडतात. गणवेश बदलत नाही. पण हातून गैरवर्तन घडलेच, तर त्याला कोणता कायदा लागू व्हावा हे त्या दिवशी तो कोणाच्या हुकमतीखाली होता, यावर ठरते.

या विचित्र स्थितीचे मूळ अमेरिकी राज्यघटनेत आहे. नागरी सेनेच्या शिस्तीचे नियम घालून देण्याचा अधिकार तिने काँग्रेसला दिला. पण अधिकारी नेमण्याचा व प्रशिक्षणाचा अधिकार राज्यांकडे ठेवला. १९५० साली मंजूर झालेली लष्करी न्यायाची एकरूप संहिता सर्व सेनादलांना सारखीच लागू असली, तरी गार्डच्या जवानावर तिचा अंमल तो संघराज्याच्या सेवेत असेपर्यंतच चालतो. वेतन संघराज्याच्या तिजोरीतून मिळत असले, तरी हुकमत गव्हर्नरची असेल तर कायदाही राज्याचाच.

राज्यांचे कायदे काळाबरोबर चालत असते, तर यात फारसे बिघडले नसते. परंतु गेल्या काही वर्षांत मूळ संहिता झपाट्याने बदलली. २०१६ च्या व्यापक सुधारणा १ जानेवारी २०१९ पासून अमलात आल्या. संमतीविना खाजगी छायाचित्रे प्रसृत करणे हा २०१७ मध्ये, तर लैंगिक छळ हा २०२२ मध्ये स्वतंत्र लष्करी अपराध ठरला. टेक्ससमधील फोर्ट हूड येथे २०२० साली व्हेनेसा गियेन या तरुण सैनिक स्त्रीची हत्या झाली. तिचा लैंगिक छळ झाला होता, हे सैन्याच्याच चौकशीत पुढे निष्पन्न झाले. त्या प्रक्षोभातून २०२१ च्या डिसेंबरात कायदा बदलला आणि बलात्कार, खून यांसारख्या गुन्ह्यांत खटला भरण्याचा निर्णय वरिष्ठ सेनाधिकाऱ्याकडून काढून स्वतंत्र विशेष अभियोक्त्याकडे देण्यात आला. २०२३ च्या अखेरीपासून ही व्यवस्था अमलात आली.

मात्र हे बदल राज्यांच्या संहितांत आपोआप उतरत नाहीत. विधिमंडळाने ते स्वतः स्वीकारावे लागतात. जेथे ते झाले नाही, तेथे एकाच कृत्याला एका महिन्यात स्वतंत्र अभियोक्ता आणि पुढच्या महिन्यात जुनाच वरिष्ठ अधिकारी, असा प्रकार संभवतो.

गंभीर गुन्ह्यांसाठी नागरी न्यायालये आहेतच, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. अर्धवेळ सैनिकाला लष्करी न्यायाच्या कचाट्यात वाजवीपेक्षा अधिक ओढू नये, हे खरेच. पण हुद्द्याचा धाक दाखवून केलेला छळ किंवा तक्रारदारावर उगवलेला सूड यांना नागरी दंडविधानात नेमके स्थान नसते. शिवाय गार्डची तुकडी बहुधा एकाच परिसरातली. तेथील वरिष्ठ हा शेजारी, कदाचित मालकही असू शकतो. तटस्थ निर्णयकर्त्याची गरज मोठ्या छावणीपेक्षा येथेच अधिक.

भारतात संरक्षण हा संघसूचीतील विषय असल्याने असा राज्यागणिक भेद नाही. १९५० चा सेना अधिनियम साऱ्या देशात एकच. परंतु कायदा एक असला म्हणून तो वेळेवर सुधारतो असे नाही. लष्करी न्यायालयाच्या निकालावर अपिलाची सोय नसल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली प्रीथिपालसिंग बेदी खटल्यात खेद व्यक्त केला होता. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा होण्यास २००७ साल उजाडले. मधल्या पंचवीस वर्षांत शिक्षा झालेल्या सैनिकांना त्या खेदाचा काय उपयोग झाला?

शिस्त हा सैन्याचा प्राण होय, हे वचन सर्वमान्य आहे. परंतु ज्या शिस्तीत कनिष्ठाला दाद मागण्याची जागा नसते, तिला शिस्त न म्हणता दहशत म्हणावे लागते. अमेरिकेतील राज्यांच्या विधिमंडळांपुढे आज नव्या कलमांची यादी असली, तरी खरा प्रश्न तक्रार घेऊन येणाऱ्या जवानाने कोणाच्या दारात उभे राहावे, हाच आहे. त्याचे उत्तर देण्यास विलंब होईल तितकी त्याची किंमत जवानालाच मोजावी लागेल.