दांडा ओढणारा आणि मशीन बसवणारा



आपल्या या पानावर मी आजवर पैनगंगेचा पूर, जुना कापूस बाजार, शाळेचे मास्तर असंच लिहीत आलो. आजचा विषय जरा वेगळा आहे. वाचून काही जण म्हणतील, "गुरुजी, हे काय काढलं आता?" पण शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

आमच्या घरच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात मोठं भांडण झालं. निमित्त होतं भाच्याचा एक व्हिडिओ. भाचा टेक्सासला असतो, नोकरी सॉफ्टवेअरची आणि रविवारचा छंद पिस्तुलाच्या नेमबाजीचा. तिकडे स्पर्धा होतात, त्यात तो भाग घेतो. विकतची काडतुसं महाग पडतात म्हणून त्याने वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरायचं मशीन घेतलं. तिकडे स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. व्हिडिओत तो खटाखट दांडा ओढतोय, काडतुसं डब्यात पडतायत, आणि खाली लिहिलंय, "मामा आजोबा, तासाला ४००!"

मामा आजोबा म्हणजे माझे मामा. वय ७८. भुसावळजवळच्या वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची सगळी नोकरी टूल सेटर म्हणून झाली. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६४ साली हा कारखाना उभा राहिला, आणि आपल्या जवानांच्या बंदुकांची काडतुसं तिथे होतात. मामांनी आतलं काम घरी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "चारशे जाऊ दे. पहिलं एक दाखव."

भाच्याला ते लागलं. मग त्याने खरी गोष्ट सांगितली, जी आईपासूनही लपवली होती.

दोन आठवड्यांपूर्वी रेंजवर एक काडतूस वाजलं ते नेहमीसारखं नाही, नुसतं 'फुस्स' झालं. हा दुसऱ्यांदा घोडा दाबणार, तेवढ्यात शेजारचा म्हातारा ओरडला, "थांब!" पिस्तूल उघडून बघितलं तर गोळी नळीच्या मधोमध अडकलेली. काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरली आणि थांबली. त्यामागून दुसरी गोळी सुटली असती तर नळी हातात फुटली असती.

माझी बहीण वाचून रडायलाच लागली. मामांनी मात्र वकिलासारखे प्रश्न सुरू केले. मशीनची चकती आपोआप फिरते की हाताने फिरवावी लागते? हाताने. मधे काम थांबलं होतं का? हो, आईचा व्हिडिओ कॉल आला होता. परत आल्यावर काय केलं? आठवत नाही, बहुतेक चकती एकदा फिरवली.

झालं. मामांना उत्तर मिळालं. आता हे समजायला मशीन कसं चालतं ते थोडं सांगतो, मला मामांनी समजावलं तसं.

साध्या मशीनमध्ये एका वेळी एका पुंगळीवर एकच काम होतं. या मशीनला मात्र गोल चकती असते, तिच्यावर चार-पाच पुंगळ्या उभ्या राहतात, आणि दांड्याच्या एका ओढीत प्रत्येकीवर वेगळं काम होतं. पहिल्या जागी पुंगळी पुन्हा मापात दाबली जाते आणि जुना प्रायमर निघून नवा बसतो. पुढच्या जागी दारू पडते आणि तोंड किंचित फाकतं. त्यापुढे गोळी बसते, शेवटी तोंड आवळलं जातं. चकती एक घर पुढे सरकली की एक तयार काडतूस बाहेर. एका ओढीत एक! म्हणून तर तासाला चारशे.

पण हाताने फिरवायच्या चकतीत धोका तिथेच आहे. चकती दोनदा फिरवली तर एक पुंगळी दारूच्या जागेवरून कोरडीच पुढे जाते. फिरवायची विसरली तर त्याच पुंगळीत दुप्पट दारू पडते. पिस्तुलाच्या काडतुसात दारू इतकी थोडी असते की दुप्पट पडली तरी बऱ्याचदा मावते, उतू जात नाही. वरून गोळी बसली की तयार काडतूस चांगल्यासारखंच दिसतं. भाच्याच्या नशिबाने कोरडी गेली.

बहीण म्हणाली, "म्हणजे माझ्या फोनमुळे झालं का मामा?"

मामा म्हणाले, "फोनमुळे नाही गं. फोन घेताना चकतीवर जे होतं ते तसंच सोडलं म्हणून. मधे उठायचं तर चकती रिकामी करून उठायचं. आणि गोळी ठेवायच्या आधी दर पुंगळीत डोकावून बघायचं. मशीनवर दिवा लावायला पैसे लागतात का?"

मग पुढचे तीन रविवार मामा वरणगावहून आणि भाचा टेक्सासहून, व्हिडिओवर मशीन पुन्हा पहिल्यापासून बसवत होते. मी मधे बसून बघत होतो. शाळेत चाळीस वर्षं शिकवलं, पण असा वर्ग बघितला नव्हता.

पहिल्या रविवारी एकही काडतूस झालं नाही. सगळे साचे काढले, पुसले. चकतीचा मधला बोल्ट बघितला. सैल असेल तर प्रायमर वाकडा बसतो, जास्त आवळला तर चकती अडकत फिरते. मग एकच पुंगळी घेऊन एकेका जागेचा साचा लावला. साच्याचं नट आवळताना आत पुंगळी असलीच पाहिजे, म्हणजे साचा मधोमध बसतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की वहीत लिहायची.

दुसरा रविवार दारूच्या मापाचा. आकडा भाच्याने दारूवाल्या कंपनीच्या छापील पुस्तकातून घेतला, तोही सगळ्यात खालचा. मामा म्हणाले, आकडा मला विचारायचा नाही, पुस्तकाला विचारायचा. सुरुवातीची मापं कमीजास्त पडतात, ती परत डब्यात. मग दहा मापं एकत्र तोलायची आणि सुटी सुटीही तोलायची, कारण एक जास्त आणि एक कमी मिळून सरासरी बरोबरच दिसते! टेबलावर एका वेळी एकाच जातीच्या दारूचा डबा.

तिसऱ्या रविवारी एक गंमत झाली. एकट्या पुंगळीवर मापात आलेली काडतुसाची लांबी, चकती पूर्ण भरल्यावर बदलली. भाचा म्हणाला, मशीन खराब आहे. मामा हसले. "एकटा माणूस घरात वेगळा वागतो, पाच पाहुणे आले की वेगळा. सगळ्या जागी भार आला की चकती जरा कलते. म्हणून शेवटची सेटिंग भरल्या चकतीवर करायची." व्हर्नियर लावून पुन्हा मापलं, साचा जरासा फिरवला, बसलं.

हे ऐकताना मला आमचे बाबा आठवले. बाबा आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. आपल्याकडची जिनं म्हणजे चामड्याचा रोलर, त्याला टेकलेली एक स्थिर पट्टी आणि एक हलती पट्टी. रोलर रुई ओढून नेतो, हलती पट्टी सरकीला धक्का देऊन वेगळी करते. पट्टीचा दाब कमी पडला तर रुई नीट ओढली जात नाही, जास्त झाला तर रोलर तापतो. हंगामात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागलेली असायची आणि मालकाला गठाणी हव्या असायच्या, १७० किलोची एक. "आवळ ना जरा, माल जास्त निघंल," म्हणायचे. बाबा म्हणायचे, "शेठ, आज निघंल, उद्या आग लागंल." एका वर्षी बाबा रजेवर असताना दुसऱ्या कोणी आवळलं. रोलर तापला, रुई पेटली. माणूस कोणी गेला नाही, पण एका शेतकऱ्याचा अख्खा ढीग गेला. बाबा ते शेवटपर्यंत विसरले नाहीत, जसं काही त्यांनीच केलं होतं.

आता भांडणाचा दुसरा भाग. हे सगळं ग्रुपवर चालू असताना बेला भागातल्या आमच्या एका चुलत भावाने लिहिलं, "हे तं सोपं हाय. रानडुकरं कापूस-तूर ठेवत नाहीत, इकडं पण भरता येईन नं?"

दोन-तीन जणांनी हसण्याची चित्रं टाकली. मी नाही हसलो. इथे स्पष्ट लिहितो. आपल्या देशात शस्त्र कायदा १९५९ चा आहे. परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, त्याला तुरुंग आहे. डुकरांचा त्रास खरा आहे, माझ्याही शेतात आहे. पण त्यावर वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, कुंपण हेच मार्ग. गावठी भरलेल्या बंदुकीने डुकराआधी आपलीच बोटं जातात. आणि ज्याला मशीन 'सोपं' वाटलं, त्याने तर हात लावूच नये. भाच्यालाही सोपंच वाटलं होतं.

काही जण म्हणतील, मग भाच्याला तरी का शिकवलं? बंद कर म्हणायचं. बहिणीचंही तेच म्हणणं होतं, आणि आईचं मन मी समजू शकतो. पण तो तिथल्या कायद्यात राहून करतोय, आणि हजारो मैलांवरच्या पोराला 'बंद कर' म्हटलं की तो बंद करत नाही, सांगणं बंद करतो. त्याने ती 'फुस्स' आधी लपवली होतीच ना? मामांनी रागावण्याऐवजी प्रश्न विचारले म्हणून खरं बाहेर आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण सगळ्यांनी पोरांना इंजिनिअर केलं, चांगलं केलं. पण फिटर, सेटर, टर्नर म्हणून आयुष्य काढलेल्या आपल्या माणसांना आपण लग्नपत्रिकेत 'निवृत्त कर्मचारी' एवढंच लिहितो. निर्मळला एकेकाळी निजामाच्या फौजेसाठी तोफा ओतल्या जात, म्हणजे आपल्या भागाला हे हुन्नर नवं नाही. दांडा कोणीही ओढतो. मशीन बसवणारा माणूस घरात असेल तर त्याच्याजवळ बसा, तो आहे तोवर.

परवा भाच्याचा नवा व्हिडिओ आला. मशीनवर दिवा लावलाय, बाजूला वही आहे, फोन दुसऱ्या खोलीत, व्हिडिओ बायकोने काढलाय. खाली लिहिलंय, "तासाला १५०, मामा आजोबा."

मामांनी उत्तर दिलं, "आता बरं."

तुमच्या घरात असा कोणी फिटर, सेटर, मिस्त्री असेल तर त्यांची आठवण खाली जरूर लिहा. आणि ते हयात असतील तर आधी त्यांना फोन करा, मग लिहा.