सुटका झाली, पण रोजच्या चाऱ्याचं काय?

रात्री ट्रक पकडला जातो. सकाळी आपल्या ग्रुपवर व्हिडिओ येतो. दाटीवाटीनं कोंबलेली जनावरं, सोलवटलेली पाठ, खाली उतरताना थरथरणारे पाय. आपण हात जोडलेला इमोजी टाकतो, स्टेटस ठेवतो, कुणी क्यूआर कोडवर एक्कावन्न रुपयेही पाठवतो. दुपारी दुसरा व्हिडिओ येतो आणि आपण पुढं सरकतो. त्या जनावरांना मात्र संध्याकाळी पुन्हा भूक लागते.

मागच्या वर्षी मित्राच्या वाढदिवसाला आम्ही सात-आठ जण खामगावजवळच्या एका गोशाळेत गेलो होतो. सोबत गूळ, केळी आणि डबाभर पोळ्या. खाऊ घातलं, फोटो काढले. तिथले काका शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "पोट्टेहो, पोया नका आनत जाऊ. कुटार आना." आम्ही हसलो. मग त्यांनी चाऱ्याचं गोदाम दाखवलं. एका कोपऱ्यात थोडंसं कुटार, बाकी सगळी मोकळी फरशी. "आठ दिवसाचं हाय," ते म्हणाले. आमचं हसू तिथंच थांबलं.

जरा हिशेब करू. तीनशे किलो वजनाच्या गायीला दिवसाला साधारण सात-आठ किलो कोरडा चारा किंवा तेवढं पोषण देणारा ओला चारा लागतो. शंभर जनावरं असतील तर रोज सात-आठ क्विंटल. वर्षाचे झाले अडीच हजार क्विंटलच्या वर! त्यात मजुरी, पाणी, डॉक्टर धरलेलेच नाहीत. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारनं गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. चांगलंच झालं. पण ती योजना देशी गायींसाठी आहे. पकडलेल्या ट्रकमधून बैल आणि गोऱ्हेही उतरतात, आणि भूक जात बघून लागत नाही.

२०१५ च्या कायद्यानं राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तो कायदा बरोबर की चूक, हा वाद वेगळा. पण जप्त केलेलं जनावर खटला संपेपर्यंत कुणीतरी सांभाळावंच लागतं. २०१७ च्या केंद्राच्या नियमांत हा खर्च आरोपीकडून वसूल करण्याची तरतूद आहे. पण खटल्याला तारखा पडतात. जनावराचं पोट तारखेवर चालत नाही.

हे फक्त गायींचंच नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माथेरान बंद पडलं आणि पर्यटकांवर जगणाऱ्या घोड्यांच्या खाद्याचा प्रश्न उभा राहिला. गाडी बंद केली की पेट्रोल लागत नाही. घोडं उभं असलं तरी खातं. पुन्हा त्याला काहीही खाऊ घालून चालत नाही. घोड्याला उलटी करता येत नाही. अचानक खाणं बदललं की पोटशूळ उठतो आणि तो जिवावरही बेततो. गायीचंही तसंच. लग्नातला उरलेला भात-पोळ्या एकदम पोटात गेल्या की पोटात आम्ल वाढतं, जनावर आडवं होतं. म्हणजे आमच्या त्या डबाभर पोळ्या पुण्यापेक्षा फोटोच्याच जास्त कामाच्या होत्या.

दुसरी गोष्ट आपल्याच शिवारातली. आजोबांच्या काळात ज्वारी होती, म्हणून घरोघरी कडब्याच्या गंज्या होत्या. आता आपल्या जिल्ह्यात खरीप म्हणजे सोयाबीन आणि कपाशी. ज्वारी गेली आणि तिच्यासोबत कडबाही गेला. उरलं सोयाबीनचं कुटार. तेही काही ठिकाणी धुऱ्यावर पडून सडतं, नाहीतर पेटवून देतात. एकीकडे धूर, दुसरीकडे रिकामं गोदाम. मध्ये फक्त एक ट्रॅक्टर आणि दहा-बारा पोरं कमी आहेत.

ती पोरं आपण होऊ शकतो. रासेयोच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचंच असतं. त्यातले दोन दिवस ऑक्टोबरात, मळणीच्या वेळी, गावातलं कुटार गोळा करायला दिले तर? ते कोरडं आहे, बुरशी लागलेली नाही, एवढं बघायचं आणि गोशाळेत पोचवायचं. पैशांचंही तसंच. एकदाच पाचशे देण्यापेक्षा दोनशे जणांनी महिन्याला वीस रुपये द्यावेत. चार हजार होतात. सरकारी ५० रुपयांच्या दरानं एका गायीचे ८० दिवस. एका महिन्याच्या वर्गणीत! चहाचे दोन कट कमी होतील, एवढंच.

जुन्या लोकांना हे कळत होतं. मुंबईचं पांजरापोळ १८३४ मध्ये उभं राहिलं, त्यात जमशेटजी जीजीभाई पुढं होते. अशा पांजरापोळांसाठी व्यापारी आपल्या उलाढालीवर ठरावीक लागा बसवत. सौदा झाला की थोडा वाटा मुक्या जनावरांचा. रक्कम छोटी, पण नियमित.

आणि हो, देताना विचारायला लाजू नका. पावती मागा. किती जनावरं आली, किती उरली, चारा किती आला, हे वहीत आहे का ते बघा. नोंदणीकृत ट्रस्टला तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावेच लागतात. हिशेब मागणं म्हणजे संशय घेणं नाही. उलट, प्रामाणिक गोशाळेला असा देणगीदार हवाच असतो. जिथं प्रश्न विचारला की चेहरे उतरतात, तिथं पाकीट खिशातच राहू द्या.

सुटका एका रात्रीत होते, तिला टाळ्याही मिळतात. दोनशेव्या दिवशी गव्हाणीत चारा टाकणाऱ्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही. पण जनावर जगतं ते त्या दोनशेव्या दिवसावर. या वाढदिवसाला आम्ही पुन्हा त्याच काकांकडे जाणार आहोत. पोळ्या नाही. ट्रॉलीभर कुटार घेऊन.