एका तारेला तीन कान

मुळशी तलावाचें पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून खालीं कोकणांत भिरा येथें उतरतें आणि तेथील चक्रें फिरवितें. हें वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें. मुळशी म्हटलें कीं मराठी माणसास प्रथम १९२१ ते १९२४ चा सत्याग्रह, सेनापति बापट आणि पाण्याखालीं गेलेलीं गांवें आठवतात, आणि तें योग्यच आहे. त्या विषयाचा विस्तार आज येथें करावयाचा नाहीं. भिऱ्याच्या चक्रांत काय घडतें, एवढेंच सांगून आम्ही वाचकांस एका घरगुती प्रश्नाकडे नेणार आहों. चक्राबरोबर चुंबक फिरतो, त्याच्या भोंवतीं तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात, आणि त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविलेला हाच नियम आज पुष्कळ घरांत भिंतीवर टांगलेल्या एका वाद्यांतहि काम करीत असतो. तें वाद्य म्हणजे विजेची गिटार.

मुळशी तालुक्यांतील एका एकत्र कुटुंबांतून या गिटारीविषयीं आम्हांस पत्र आलें आहे. लिहिणाऱ्या बाईंचे यजमान आज हयात नाहींत. त्यांची गिटार घरांत आहे आणि दिराचा मुलगा ती वाजवितो. तो गायनहि शिकतो. त्याच गिटारींत दोन नवीं साधनें बसवावीं असें त्याच्या मनांत आहे. एक, पोकळ लांकडी गिटारीसारखा मोकळा आवाज देणारें; दुसरें, वाजविलेल्या प्रत्येक स्वराची वर्दी अंकांच्या रूपानें संगणकास देणारें, ज्यास 'मिडी' म्हणतात. मामंजींचें म्हणणें असें कीं, वाद्यास भोंक पाडणें म्हणजे वाद्य मारणें. मुलगा म्हणतो कीं, काकांनीं स्वतः हेंच केलें असतें. बाई विचारतात, "लांकूड कापल्यावर तें त्यांचेंच वाद्य राहील काय?" प्रश्न भावनेचा दिसला तरी त्याचें उत्तर बरेंचसें रचनेंत आहे, म्हणून प्रथम रचना पाहूं.

गिटारीचा पहिला कान चुंबकाचा. तारांखालीं लहान चुंबक असतात आणि त्यांच्या भोंवतीं केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार हलली कीं चुंबकाचें क्षेत्र हलतें आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. भिऱ्यास पाणी चुंबक फिरवितें, येथें बोट तार हलवितें, नियम एकच. अमेरिकेंत जॉर्ज बीचम यांनीं या तत्त्वावर गिटार घडविली आणि १९३७ सालीं त्यांस तिचें पेटंट मिळालें. या कानाचा गुण असा कीं, तो मुख्यतः पोलादाचें हलणें तेवढें ऐकतो. त्याचा दोषहि तोच. लांकडाचा आणि नखाच्या स्पर्शाचा अंश त्यास फारसा कळत नाहीं. शिवाय वेटोळें तें वेटोळेंच. घरांतील तारांतून वाहणारा, सेकंदास ५० आवर्तनें करणारा प्रवाहहि त्यास ऐकूं येतो. गिटार ध्वनिवर्धकास जोडतांच जी अखंड घरघर ऐकूं येते, ती पुष्कळदां ही असते.

दुसरा कान दाबाचा. झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं असें दाखविलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब पडला म्हणजे त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युद्भार प्रकट होतो. अशा गुणाच्या पदार्थाची चकती तार जेथें टेकते तेथें बसविली कीं तारेचें कंपन तिला दाबाच्या रूपानें कळतें. तंबोऱ्याचा आवाज घोडीवर घडतो, हें मिरजेच्या कारागिरांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जवारी काढतांना ते घोडीचा माथाच घासून नीट करतात. हा दुसरा कान घोडीच्याच जागीं असतो, म्हणून त्याच्या आवाजांत लांकडाचा आणि नखाचा अंश येतो. मात्र भरीव धडाच्या गिटारींतून पोकळ गिटारीचा हुबेहूब आवाज निघेल अशी अपेक्षा करूं नये. जेथें पोकळी नाहीं तेथें तिचा घुमारा कोठून येणार? निघतो तो त्याच्या जवळचा, गायनास साथ करण्याजोगा आवाज. दुसरी गोष्ट अशी कीं, या चकतीची वीज फार नाजूक असते. ती सरळ साध्या ध्वनिवर्धकास जोडली तर मंद्र भाग गळून जातो आणि आवाज पातळ व करकरीत होतो. म्हणून गिटारीच्या आंतच एक लहान पूर्ववर्धक बसवावा लागतो, व त्यास बहुधा ९ व्होल्टची बॅटरी लागते.

तिसरा कान हिशेबनिसाचा. त्यास आवाज नको, संख्या हव्यात. अमेरिका व जपान येथील विजेचीं वाद्यें बनविणाऱ्या कंपन्यांनीं मिळून १९८३ सालीं मिडी नांवाची ही सामायिक भाषा प्रचारांत आणली. तींतून आवाज जात नाहीं. अमुक क्रमांकाचा स्वर, इतक्या जोरानें, आतां सुरू, आतां बंद, अशी वर्दी तेवढी जाते. क्रमांक ० पासून १२७ पर्यंत, एकूण १२८. पेटीसारख्या वाद्यास हें सोपें आहे. एक पट्टी, एक क्रमांक. तारेचें तसें नाहीं. सहा तारांस सहा निरनिराळे कान द्यावे लागतात आणि प्रत्येक तारेचीं आंदोलनें मोजून यंत्रास स्वर ओळखावा लागतो. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ आंदोलनें करते, म्हणजे एका आंदोलनास सेकंदाचे सुमारें १२ सहस्रांश लागतात. आणि एकदोन आंदोलनें पुरीं झाल्यावांचून स्वराचा निर्णय होणें कठीण. सर्वांत बारीक तार सुमारें ३३० आंदोलनें करते, तिचें एक आंदोलन ३ सहस्रांशांत होतें. म्हणून मंद्र तारेवर यंत्राचें उत्तर किंचित् उशिरां येतें. हा कारागिराचा दोष नव्हे. पैसे खर्च करण्यापूर्वीं मुलानें हें जाणून असावें, इतकेंच.

गाणें शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीनें याहून मोठा प्रश्न मींडेचा आहे. पेटीच्या बारा पट्ट्यांचा वाद आमच्या घरांस नवा नाहीं. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर आपलें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांच्या प्रयोगांस अब्दुल करीम खांसाहेबांच्या कंठाचें साह्य होतें. पेटींत श्रुति मावत नाहींत आणि मींड निघत नाहीं, ही तक्रार इतकी बळावली कीं, १९४० सालीं सरकारी नभोवाणीनें पेटीवर बंदी घातली, आणि ती सुमारें तीस वर्षें टिकली. मिडीचे क्रमांक पाहून मामंजींस हीच शंका आली असेल तर ती रास्त आहे. परंतु न्याय पुरा केला पाहिजे. मिडीच्या भाषेंत स्वर ओढण्याची वेगळी वर्दी आहे आणि तिचे १६,३८४ टप्पे आहेत. पेटीवरील लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतराचे शंभर भाग कल्पिले तर एका भागास सेंट म्हणतात. प्रमाणश्रुति सुमारें २२ सेंटांची भरते. वर एक सप्तक व खालीं एक सप्तक इतका पल्ला ठेवला तरी एक टप्पा सेंटाच्या सातव्या हिश्श्याएवढाच पडतो. म्हणजे श्रुति मोजण्यास हें माप अपुरें नाहीं.

बिघडते ती मांडणी. येथें तीन गोष्टी संभाळाव्या लागतात. पहिली, प्रत्येक तारेस स्वतंत्र वाहिनी द्यावी. सर्व तारा एकाच वाहिनीवर असल्या तर एका तारेची मींड दुसऱ्या तारांच्या स्वरांसहि ओढून नेते. दुसरी, गिटारीकडील पल्ला आणि स्वर निर्माण करणाऱ्या यंत्राकडील पल्ला एकच हवा. गिटारीकडे बारा पट्ट्यांचा व यंत्राकडे दोनच पट्ट्यांचा पल्ला असेल, तर सा पासून शुद्ध री पर्यंतची मींड तिच्या सहाव्या हिश्श्याएवढी उतरते. ऐकणाऱ्यास सूर केवळ हलल्यासारखा वाटतो. तिसरी, स्वर आपोआप जवळच्या पट्टीवर बसविण्याची जी सोय असते ती बंद ठेवावी. इतकें केलें म्हणजे यंत्र मींड बऱ्याच अंशीं पोंचवितें. तरीहि रियाजाचा निर्णय तारेच्या मूळ आवाजावरच करावा. यंत्रानें काढलेला गोड सूर ऐकून आपली तार बेसूर असल्याचें विसरणें फार सोपें आहे.

आतां लांकडाविषयीं. साधनें बसविणें म्हणजे दर वेळीं कापाकापीच असें नाहीं. तारांचे जुने टेकू काढून त्यांच्या जागीं आंत दाबाच्या चकत्या असलेले सहा नवे टेकू बसवितां येतात. प्रत्येक टेकूची तार वेगळी निघत असल्यानें या एकाच संचावर दुसरा आणि तिसरा असे दोन्ही कान चालतात, आणि जुने टेकू केव्हांहि परत बसवितां येतात. कापण्याचा प्रश्न येतो तो पुढें: सहा बारीक तारा आंत नेण्यास वाट, पूर्ववर्धकाची व मिडीची पाटी ठेवण्यास खोबण, बॅटरीस जागा, आणि तेरा पिनांच्या जोडणीसाठीं कडेला मोठें भोंक. पुष्कळ गिटारींत मागच्या बाजूस आधींच खोबण असते. पाट्यांच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्या तींत मावतात कीं नाहीं, हें हत्यार हातीं घेण्यापूर्वींच पाहतां येतें. न मावल्यास, घोडीलगत चिकटपट्टीनें बसणारा आणि ज्याची डबी बाहेरच राहते असा तिसरा कानहि मिळतो. तो काढला कीं गिटार पूर्वींसारखी.

यावरून बाईंस आमचें उत्तर असें: जें काम उलटवितां येतें तें मुलास खुशाल करूं द्यावें, जें उलटवितां येत नाहीं तें या वाद्यावर करूं नये, दुसरी साधी गिटार घेऊन तिच्यावर करावें. टेकू बदलल्यानें किंवा जुना डाख काढून नवा दिल्यानें वाद्य परकें होत नाहीं; तारा तर आपल्या यजमानांनींहि कितीदां बदलल्या असतील. पण पटाशीनें काढलेलें लांकूड परत बसत नाहीं. पाण्याखालीं गेलेलें परत मिळत नाहीं, हें मुळशीकरांस सांगावयास नको. त्या दुःखापुढें वाद्याची गोष्ट फार लहान आहे. तथापि न परतणाऱ्या कामास आधीं सर्व संबंधितांचा रुकार हवा, हा नियम दोहोंस सारखाच लागू आहे. मुलानेंहि काकांच्या नांवानें बोलूं नये, काकूंस विचारावें. आणि मामंजींस आमची नम्र विनंति अशी कीं, ज्या पोरानें तें वाद्य वाजतें ठेवलें आहे त्याच्या हौसेस सरसकट नकार देऊं नये.

शेवटीं कांहीं व्यावहारिक सूचना. गिटार उघडतांच आंतील जोडण्यांचीं छायाचित्रें घ्यावींत आणि काढलेला प्रत्येक भाग नांव लिहून एका डबींत ठेवावा. खोबणीस आंतून तांब्याचा पत्रा चिकटवून तो भूमितारेस जोडला कीं घरघर कांहीं अंशीं कमी होऊं शकते. मुळशी खोऱ्यांतील पावसाळा लांकडास व जोडण्यांस कठीण जातो. त्या महिन्यांत वाद्य भिंतीवर न टांगतां पेटींत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावें. बरेच दिवस वाजवावयाचें नसेल तर बॅटरी काढून ठेवावी, नाहीं तर ती गळून पाट्या खराब होतात. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ध्वनिवर्धकाची तीन पिनांची जोडणी आणि घराची भूमितार जाणत्या वायरमनाकडून तपासून घ्यावी. गिटारीच्या तारा बहुधा याच भूमितारेस जोडलेल्या असतात; ती सदोष असली आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून कोणीं वाजविलें, तर धक्का जिवावर बेतूं शकतो. नवीं साधनें विकत आणण्यापूर्वीं हें एक काम उरकून घ्यावें.