मॅकआर्थर नसता तर हिरोहितोचं काय झालं असतं?

जपानमध्ये मॅकआर्थरऐवजी दुसरा कुणी असता तर सम्राट हिरोहितो फासावर गेला असता, असं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. त्याच्या एका आदेशावर लाखो सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली होती. असा माणूस वॉशिंग्टनलाही हवाच होता. ॲडमिरल निमित्झ टोकियोत बसला असता तरी गादी टिकलीच असती.

फरक पडला असता तो पदत्यागाच्या बाबतीत. युवराज अकिहितो १२ वर्षांचा होता. त्याला गादी देऊन हिरोहितोने बाजूला व्हावं, हा विचार खुद्द राजघराण्यातही होता. मॅकआर्थरला मात्र तोच सम्राट हवा होता. जानेवारी १९४६ मध्ये त्याने वॉशिंग्टनला कळवलं की सम्राटावर खटला भरलात तर किमान दहा लाख सैन्य लागेल. झालं, विषय संपला!

तोजो १९४८ मध्ये फासावर गेला. ज्याच्या नावाने युद्ध झालं, तो १९८९ पर्यंत गादीवर. फाशी नको होती, मान्य. पण साधा पदत्यागसुद्धा नाही? वरचाच जबाबदार नाही म्हटल्यावर खालच्यांनी कशाला चूक कबूल करायची? नानजिंगचा वाद आजही मिटत नाही, त्याचं एक मूळ मला इथे दिसतं.

तुम्हाला काय वाटतं?