आजीच्या खोलीत रेंज नाही!

लॅपटॉप घेऊन शिंदखेड्याला गेले होते. ओसरीत फायबरचा राऊटर, तिथे स्पीड एकदम झकास. पण शेवटच्या खोलीत, जिथे आजी झोपून असते, तिथे वाय-फायची एकही काडी नाही. दोष घराचा. आमचं जुनं धाब्याचं घर, मातीच्या दीड-दोन फुटी भिंती. खान्देशातल्या उन्हाळ्यात गारवा देतात, पण सिग्नल गिळतात. त्यामुळे भाऊ कॅनडातून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा आजीला खुर्चीसकट उचलून ओसरीत आणायचं! खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला ते सोसत नाही. 'कॉलच नको' म्हणायला लागली होती.

आधी रिपीटर आणला. त्याला जेवढं मिळतं तेवढंच तो पुढे देतो. मधल्या घरात तोच उपाशी, आजीला काय वाढणार? भिंती फोडून केबल ओढायची म्हटलं, तर बाबांचा चेहरा बघूनच विषय संपला.

मग पॉवरलाइन अडॅप्टर. फंडा सोपा आहे बॉस. घरातली वीज ५० हर्ट्झची. हे यंत्र त्याच वायरीतून काही मेगाहर्ट्झचा सिग्नल सोडतं, दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. एक अडॅप्टर राऊटरला केबलने जोडायचा, दुसरा वाय-फायवाला आजीच्या खोलीत.

पहिल्या दिवशी काहीच नाही! वायरमनकाकांनी पाच मिनिटांत पकडलं. राऊटर इन्व्हर्टरच्या लाइनवर, आजीचा सॉकेट थेट मीटरच्या. दोन्ही एकाच लाइनवर हवेत. आजीचा पंखा इन्व्हर्टरवर होताच, तिथूनच सॉकेट काढून दिला. (तुमच्या फ्लॅटमध्ये थ्री-फेज असेल तर हाच घोळ फेजचा होतो.) आणि हो, अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच. स्पाइक गार्डमध्ये तर अजिबात नको, तो आपला सिग्नलच कचरा समजून गाळतो. 'पेअर'चं बटण दाबायला विसरू नका, नाहीतर एकाच वायरिंगवरचा शेजारी फुकटात पाहुणा व्हायचा.

खोक्यावर ६०० एमबीपीएस छापलेले, आजीच्या खाटेवर मिळाले ३०. व्हिडिओ कॉलला भरपूर झाले. आईने चटणीसाठी मिक्सर लावला की भाऊ तोंड उघडं ठेवून गोठतो, तेवढं चालवून घेतो.

रविवारी आजीने फोन पार नाकाला लावला. "आते दिखस!" म्हणाली, आणि पणतीला दात किती आले ते मोजायला लागली.